टोपलीखालचा हिरवा दिवा

चंद्रभागेच्या मधल्या खोलीत पाट मांडला होता. पाटावर तांदळाचं पीठ चाळून पसरलं होतं, पिठावर आनंदाचा लॅपटॉप अर्धवट उघडा ठेवला होता आणि त्याच्यावर भात वाहायची मोठी टोपली पालथी घातली होती. टोपलीखालून एक काळी वायर निघून भिंतीतल्या प्लगापर्यंत गेली होती. शेजारची मनुबाई पहिल्यांदा हे बघायला आली तेव्हा उंबऱ्यातच थबकली.

"काय गो चंद्रे, कोंबरी बसवलीस क काय अंड्यांवर?"

म्हणाली आणि तिची तिलाच चूक कळली. टोपलीच्या विणीतून आत एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. पेटायचा, मिटायचा, जरा दम धरायचा, पुन्हा पेटायचा. मनुबाईने पदर डोक्यावर ओढला, भिंतीला टेकून बसली आणि घरी जाईपर्यंत पुन्हा तोंड उघडलं नाही. तिच्यासारख्या बडबड्या बाईचा तो मोठाच शोक होता.

गाव शीळफाट्याच्या रस्त्याला लागून. पुढे-मागे इमारती उठत होत्या, मिठागरं बुजली, भाताची खाचरं विकली गेली, पण माणूस गेलं की करायचं ते अजून तसंच होतं. जिथे त्याने शेवटचा श्वास सोडला तिथली जमीन सारवायची, पीठ पसरायचं, पिठावर दिवा आणि दिव्यावर टोपली. दहावं होईस्तोवर दिवा विझू द्यायचा नाही. घरातलं कुणी ना कुणी तेल घालत जागं राहायचं. मग टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पाखराचं पाऊल, मुंग्यांची वाट, वासराचा खूर. गेलेल्याने कुठला रस्ता धरला ते त्यावरून ओळखायचं आणि दिवा खाडीला नेऊन सोडायचा.

चंद्रभागेचा लेक आनंदा गेला तो अमेरिकेत. बर्फावरून गाडी घसरली, एवढंच इकडे कळलं. कंपनीच्या माणसांनी तिकडेच अग्नी दिला आणि अस्थी त्याच्याबरोबर काम करणारा एक तेलुगू मुलगा घेऊन आला. आनंदाचा बाप दामाजी विमानतळावर गेला आणि ती पिशवी छातीशी धरून टॅक्सीत बसून आला. अस्थी खाडीत गेल्या. चंद्रभागेने दिव्याचा विषय काढला तेव्हा मात्र दामाजीच आडवा आला.

"जागा कंची सारवशील? तो हितं परलाच नाय. ज्याला जागा नाय त्याला दिवा नाय."

कठोर माणूस नव्हता तो. मोहने गावच्या कारखान्यात जन्म काढलेला, रीतीच्या बाहेर पाऊल न टाकणारा साधा माणूस. भावकीनेही त्याचंच उचलून धरलं. चंद्रभागेने मान खाली घातली, चूल पेटवली, आल्यागेल्याला पाणी दिलं. मुलगी गोदा, तिचं वैशाखात ठरलेलं लग्न पुढे ढकललं गेलं. तिच्या साड्या चंद्रभागेने पेटीत नीट घडी घालून ठेवल्या. रडली मात्र नाही. बायका आपसात म्हणत, आत कोंडलंय ते, फुटलं नाही तर बाईला घेऊन जाईल.

रडणं बंद झालं तसं गाणंही बंद झालं. आणि तो काही असातसा गळा नव्हता. चंद्रभागा धवलारीण होती. हळद दळण्यापासून वरात निघेपर्यंत लग्नातल्या प्रत्येक कार्याचं गाणं, म्हणजे धवला, तिच्या ओठांवर असायचा. धवला झाल्याशिवाय ते कार्य झालं असं पंचक्रोशीत कुणी मानत नसे. ती पुढे म्हणायची आणि मनुबाई मागून ओळ धरायची. पंधरा गावांतल्या पोरी तिच्या आवाजाबरोबर सासरी गेल्या होत्या. आनंदा लहान असताना मांडवात तिच्या मांडीवर झोपायचा, झोपेतच सगळं पाठ झालेलं. जरा मोठा झाला तसा तिच्याबरोबर म्हणायला लागला, आणि बायका हसायला लागल्या. पुरुषाने धवला म्हणायचा नसतो. मनुबाई विचारायची, "धवलारीन म्हनू तुला क धवलारा?" मग मिसरूड फुटलं आणि तो गप्प झाला.

अमेरिकेहून तो रविवारी फोन करायचा. एका रविवारी हसत हसत म्हणाला की गोदीच्या लग्नाला रजा मिळेल न मिळेल, कुणी सांगावं. म्हणून आखा धवला कॉम्प्युटरवर म्हणून ठेवलाय, मी नाही आलो तर मांडवात हा लावा. इथं कुणी हसायला नाही, म्हणून जमलं. चंद्रभागा म्हणाली, मेल्या, देव कोपेल. तोही हसला, तीही हसली. त्याच्यानंतर फोन आला तो इंग्रजीत. गोदाने घेतला.

महिन्याभराने त्याची बॅग आली. स्वेटर, दाढीचं सामान, अर्धी संपलेली लोणच्याची बरणी, आणि हा लॅपटॉप. घरात कुणाला हात लावायचं धाडस होईना, म्हणून गोदाने प्रभाकरला निरोप दिला. प्रभाकर आनंदाचा कॉलेजातला दोस्त; डोंबिवलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा, मशिनं दुरुस्त करायचा. स्कूटरवरून आला, लॅपटॉप मांडीवर घेतला, बटण दाबलं. डाव्या बाजूच्या खाचेतून एक काळं कार्ड बोटभर बाहेर आलेलं होतं. पडदा उजळला आणि त्या कार्डाच्या टोकाला हिरवा दिवा लागला.

चंद्रभागा बघत राहिली. कुणाला काही न विचारता स्वयंपाकघरात गेली आणि पिठाचा डबा घेऊन आली. त्याच्याच वस्तूने घरात आल्याबरोबर दिवा लावला होता. आता जागा नाही असं कोण म्हणणार? दामाजीने पीठ पाहिलं आणि उठून ओट्यावर जाऊन बसला.

त्याच दिवशी गाणंही सापडलं. प्रभाकरला एका कप्प्यात इंग्रजी अक्षरांत 'गोदाचं लगीन' असं लिहिलेलं दिसलं. त्याने ते लावलं. आधी खाकरण्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. मग आनंदा बोलला.

"आये, हासू नको हां. मनूमावशीला पन सांग, हासू नको."

आणि म्हणायला लागला.

खारीला भरती, होरीला घाई
सांगावा धारा गो गावदेवी आई
मांडव घातला हिरव्या डहाल्याचा
सावलीला येईल देव डोंगराचा

आवाज जरा बसलेला, पण चाल आईची, श्वास आईचा, ओळीच्या शेवटी सूर किंचित खाली टेकवायची लकबसुद्धा तिचीच. गोदाने तोंडात पदराचा बोळा कोंबला. गाणं पुढे सरकलं आणि मध्येच आनंदाचा आवाज एका अक्षरावर अडकला. डो डो डो डो, असा, घशात काही रुतल्यासारखा, थांबायचं नाव नाही. पडदा निळा झाला, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. प्रभाकरने घाईघाईने बटण दाबून सगळं बंद केलं तेव्हा कुठे ते गुदमरणं थांबलं. हिरवा दिवाही गेला.

"इजला," चंद्रभागा म्हणाली. "पेटव बाबा. लवकर पेटव."

तेव्हापासून हेच चाललं होतं, दहा दिवस कधीच उलटून गेले तरी. मशीन सुरू करावं, दिवा लागावा, गाणं लावावं; कधी दुसऱ्या कडव्याला, फार तर आजीच्या नावापर्यंत, कधी नुसतं खाकरून झाल्याबरोबर निळा पडदा. गाणं नाही लावलं तरी तासा-दोन तासांत मशीन आपलं आपण गळाठायचंच. गोदा बटण दाबायला शिकली. चंद्रभागा घरात असेल तिथून टोपलीकडे कान देऊन असायची, आणि दिवा विझला की हातातलं टाकून यायची. हे सगळं एक काम होऊन बसलं होतं आणि त्या कामाने तिला उभं धरलं होतं.

प्रभाकर दर रविवारी यायचा. एकदा तो सहज म्हणाला की गाणं सुरुवातीपासूनच कशाला ऐकायचं. माउसने ओढलं की पाहिजे तिथून लागतं, तुकड्यातुकड्याने शेवटपर्यंत जाऊ. चंद्रभागेने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने उष्टं ताट देवापुढे ठेवलं. धवला मधून उचलत नाहीत. पहिल्या ओळींत देवांना बोलावणं असतं, मग वाडवडिलांना, मग गोताला. एकेकाला नाव घेऊन दारातून आत आणायचं असतं. अडला तर पुन्हा पहिल्यापासून, मग कितीही वेळ लागो. नाहीतर अर्ध्यांना बोलावून उंबऱ्यात उभं ठेवल्यासारखं होतं. तिच्या सबंध आयुष्यात तिने एकही धवला मधून उचलला नव्हता, आणि मुलाचा उचलणार नव्हती. प्रभाकरने मान डोलावली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्याच्या मनात भीती होती, ती त्याने ओट्याजवळ गोदाच्या कानावर घातली: असं रोज आपटून बंद पडत राहिलं तर एक दिवस मशीन कायमचं बसेल, आणि गाणंही त्याच्याबरोबर जाईल. फ्लॉपीत मावण्याएवढं ते लहान नव्हतं, आणि दुसऱ्या मशीनला जोडायची वायर त्याने केली तर अर्ध्या वाटेत हे निळं पडायचं.

त्याने आधी व्हायरस धरला. फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन आला, दुपारभर तपासत बसला. काही सापडलं नाही. मग पोटातली मेमरीची पट्टी काढून, पुसून, परत बसवली. तसंच. मग एका रविवारी तो बराच वेळ टोपलीकडे बघत बसला. बोलावं की नाही ठरत नव्हतं.

"मावशी, राग मानू नका. हे मशीन तापतंय. ह्याला हवा लागते, आणि वर ही टोपली आहे."

चंद्रभागेने टोपली उचलली. खाली ठेवली मात्र नाही. पिठावर सावली राहावी म्हणून दोन्ही हातांनी वरच्यावर धरून बसली. प्रभाकरने स्क्रू काढले, आतला इवलासा पंखा रंगाच्या ब्रशने झाडला, तर त्यातून तांदळाचं पीठ भुरुभुरु खाली पडलं. गोदाला हसू आलं, मग प्रभाकरला. ह्याने तर भाकऱ्याच थापायला घेतल्यात, तो म्हणाला. क्षणभर चंद्रभागेच्या ओठांची कड हलल्यासारखी वाटली. सगळ्यांना वाटलं, झालं, दुखणं सापडलं. गाणं लावलं. आनंदाने गावदेवी बोलावली, डोंगरावरचा देव बोलावला, आजोबांचं नाव घेतलं आणि आजीच्या नावाशी येऊन त्याचा घसा पुन्हा अडकला. चंद्रभागेने हातातली टोपली जागच्या जागी परत पालथी घातली.

पुढच्या रविवारी प्रभाकरने नवी युक्ती केली. मशीन सुरू होतानाच एक बटण दाबून त्याला अगदी लंगोटीवर उठवलं. म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड चालेल, बाकीच्या सगळ्या जोडण्या झोपलेल्या. पडद्यावरची चित्रं मोठी, बेढब झाली. ह्या रीतीने आवाज येत नाही, त्याने आधीच सांगितलं. सकाळी लावलेलं मशीन जेवणं झाली तरी चालू, चहा झाला तरी चालू. एकदाही निळं झालं नाही. प्रभाकरचा चेहरा उजळला. चंद्रभागेचा मात्र काळवंडला, कारण टोपलीखाली अंधार होता. त्या झोपवलेल्या जोडण्यांत हिरवा दिवाही झोपला होता.

प्रभाकरने ते पाहिलं आणि तो त्या काळ्या कार्डाकडे वाकला. इतके दिवस त्याने ते मोडेम समजून सोडून दिलं होतं. आता त्याने बोटाने चाचपलं. फोनची वायर लावायला त्याला भोकच नव्हतं. असलं कार्ड त्याने हातात कधी घेतलं नव्हतं. एका मासिकात फोटो पाहिला होता फक्त. वायरीशिवाय एका कॉम्प्युटरचं दुसऱ्याशी बोलणं करून देणारं. तो हिशेब मांडायला लागला. लंगोटीवर असताना झोपतात त्या दोन गोष्टी ह्या घोळात असू शकतात: आवाजाची आणि ह्या कार्डाची. दुखणं आवाजात असेल तर गाणं कधीच पुरं ऐकता येणार नाही. कार्डात असेल तर कार्ड काढलं की झालं. काढून बघायचं, एवढंच.

त्याने ते मोठ्याने म्हटलं.

"काढलं तर दिवा जाल," चंद्रभागा म्हणाली.

"हो, मावशी."

"मग परत लावशील?"

प्रभाकर म्हणाला की लावलं तर दिवा लागेल, पण दुखणंही त्याच्याबरोबर परत येईल. दोन्ही एकदम राहणार नाहीत. दिवा ठेवायचा तर गाणं असंच अर्ध्यावर मरणार, आणि किती दिवस, ते आपण सांगू शकत नाही.

तिने विचारलं की तो लुकलुकतो कशाला मग. इतके दिवस तिला हे विचारावंसं वाटलं नव्हतं. दिवा होता, एवढं पुरेसं होतं. प्रभाकरने समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. आनंदाच्या ऑफिसात भिंतीवर कुठेतरी एक डबा असेल. हे कार्ड त्या डब्याला हाका मारतं. तिथे असताना हाक मारली की लगेच ओ यायची, मग सगळं सुरळीत. इथे कोसभरात काय, अख्ख्या ठाणे जिल्ह्यात तसा डबा असेल असं त्याला वाटत नव्हतं. ओ येत नाही. हे थांबायला शिकलेलं नाही. हाकेवर हाक, हाकेवर हाक, त्या सगळ्या आत साठत जातात आणि शेवटी मशीनच कोसळतं.

चंद्रभागा पाटाशी बसून ऐकत होती. बराच वेळ ती टोपलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"म्हंजे आपल्याला नाय हाकारत तो."

"नाही, मावशी."

"हापिसाला हाकारतंय."

प्रभाकरने मान खाली घातली. काही गोष्टी सांगायला नकोत असं त्याला वाटलं, पण सांगून झाल्या होत्या.

ओट्यावरून दामाजी उठून आत आला. इतक्या दिवसांत त्याने त्या पाटाकडे धड बघितलं नव्हतं, निदान इतरांना तसंच वाटत होतं. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, राहू दे. दिवा राहू दे. गाणं नको. गोदा चमकून त्याच्याकडे बघायला लागली. ज्याला जागा नाही त्याला दिवा नाही म्हणणारा हाच माणूस. तो गोदाकडे बघत नव्हता, बायकोशीच बोलत होता. म्हणाला की रात्री पाणी प्यायला उठतो तेव्हा ह्या खोलीवरून जातो. अंधारात ते हिरवं दिसतं तेव्हा वाटतं पोर जागंय अजून, अभ्यास करतंय. कुणाला हाका मारतंय ते आपल्याला काय करायचंय. लग्न होईल त्या पोरीचं तेव्हा गावातल्या बायका म्हणतील काय म्हणायचं ते. पण दिवा आपल्या हाताने विझवायचा नाही.

चंद्रभागेने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत तिने कधी नवऱ्याचा हात धरला नव्हता.

"त्याचं गानं अर्दं परलंय," ती त्याला म्हणाली. हळू, समजावल्यासारखं. "रोज येतंय, आजीच्या नावापरतूर येतंय, आनि तितंच घुसमटतंय. मना रोज आयकावं लागतंय ते घुसमटनं. रोज मरतंय माजं पोर. एक डाव त्याला पुरा म्हनू दे."

दामाजीने डोळे मिटले. नको म्हणाला नाही.

रीत असते तसं तिने केलं. आंघोळ केलेलीच होती, तरी पुन्हा हातपाय धुऊन आली. टोपली उचलून बाजूला भिंतीशी ठेवली. प्रभाकरने मशीन उचलून मांडीवर घेतलं. पिठावर काय उमटलंय ते बघायला गोदा वाकली, तर चंद्रभागेने हाताने पीठ सारखं करून टाकलं. तिथे काय असणार होतं? मशीनच्या बुडाचे चार रबरी ठसे. प्रभाकरने मशीन बंद करून कार्ड कसं ओढायचं ते दाखवलं: बाजूचं छोटं बटण दाबलं की ते पुढे येतं. करतो मी, म्हणाला. तिने त्याचा हात मागे सारला. आपणच बटण दाबलं, दोन बोटांत ते काळं कार्ड धरलं आणि ओढलं. दात उपटण्याएवढंही दुखलं नाही कुणाला. हातात आलं तेव्हा ते अजून कोमट होतं. तिने ते पदराच्या टोकात बांधलं.

प्रभाकरने मशीन सुरू केलं, त्या कार्डाचं म्हणून जे काही आत भरलेलं होतं ते पुसून टाकलं, पुन्हा सुरू केलं. दुखणं आवाजातच निघालं तर ह्या बाईचा दिवाही गेला आणि गाणंही गेलं, आणि ते आपल्या हातून, हे त्याला दिसत होतं. त्याने गोदाकडे पाहिलं. गोदाने मान डोलावली. त्याने गाणं लावलं.

खाकरणं. खुर्ची. आये, हासू नको हां.

खाडीला भरती आली. गावदेवी आली, डोंगरावरचा देव आला. आजोबांना बोलावणं गेलं. आता आजी. चंद्रभागेने जमिनीवर तळहात टेकला. आजीचं नाव आलं, सगुणा, स्वच्छ, लांबवून म्हटलेलं, आणि आवाज अडकला नाही. पुढे गेला. जिथे ते कधी पोचले नव्हते तिथे गेला.

पाटावर बैसली लाराची लेक
हलदीचं बोट गो लावा तिला एक
भाऊ तिचा उभा मांडवाच्या दारी
डोल्यातलं पानी कुनाला ना दावी

गोदा उठून आतल्या खोलीत गेली आणि दाराआड उभी राहून ऐकत राहिली. दामाजी भिंतीकडे तोंड करून बसला होता. आनंदा म्हणत होता, एकेका नातलगाला हाताला धरून मांडवात आणत होता. मामाला, आत्याला, मनूमावशीला, तिच्या नावावर जरा हसलाही. एका ठिकाणी त्याची चूक झाली. कलशाचं कडवं हळदीच्या आधी यायला हवं होतं, ते त्याने मागाहून घेतलं. चंद्रभागेच्या तोंडून आपसूक "आरं, आधी कलस" असं गेलं, आणि बोट उचललं गेलं, मांडीवर बसलेल्या पोराला टोकावं तसं. तो थांबला नाही. त्याच्या चुकीसकट पुढे गेला. पुढची ओळ तिने त्याच्या मागून हळूच धरली. मनुबाई धरायची तशी. आवाज फुटत नव्हता, नुसता श्वास होता चालीतला, पण बरोबर होता. कितीतरी दिवसांनी तिचे ओठ त्या चालीत हलले.

मग वरात निघाली. लेकीची पाऊलवाट, खाचरांचे बांध, वळून बघणं, सगळं त्याने म्हटलं. शेवटच्या ओळीला सूर खाली टेकवला. जरा वेळ नुसती खरखर. मग एक सुस्कारा, आणि तो म्हणाला, "झालं." खुर्ची सरकली. टक् असा आवाज झाला आणि सगळं थांबलं.

प्रभाकर पडद्यावर नजर लावून होता. निळं आलं नाही. मशीन आपलं चाललं होतं, पंखा बारीक घुरघुरत होता. तो हलकेच म्हणाला की मावशी, बरं झालं मशीन, आता काही होणार नाही, किती वेळही चालेल. पुढच्या खेपेला टेपरेकॉर्डर आणतो, कॅसेटवर उतरवून देतो, मग कधीही ऐका.

चंद्रभागा ऐकत नव्हती. ती त्या पडद्याकडे बघत बसली होती, एक हात पुढे करून, मशीन गळाठलं की गोदाला हाक मारायची असते तशी. वाट बघत. ते गळाठलं नाही. दुपार उतरत होती, रस्त्यावरून ट्रक चालले होते, आणि पडदा तसाच उजळ, शांत. हळूहळू तिचा हात खाली आला. आजवर रोज गाणं तुटायचं, आणि तुटलं म्हणून त्याचं काहीतरी पुढे शिल्लक असायचं. आजीच्या पलीकडे तो अजून उभा होता, यायचा होता. आता तो येऊन गेला होता. सगळं म्हणून गेला होता. कॅसेट लावा, मशीन लावा, ह्याच्यापुढे त्याचा एक शब्दही येणार नव्हता.

गोदा बाहेर आली, आईच्या पाठीला टेकून बसली. विचारलं, "पुन्यांदा लावू क, आये?"

चंद्रभागेने नको म्हणून मान हलवली. पुढे वाकून तिने पाटावरच्या पिठात दोन्ही तळहात दाबून टेकवले, आणि मग तो आवाज आला. आधी कुणाला कळलं नाही कुठून येतोय. पंचक्रोशीच्या लेकींना सासरी धाडणारा तो गळा होता, आणि त्याला ना चाल होती ना शब्द. दामाजी सरकत सरकत तिच्याजवळ आला. शेजारच्या घरात मनुबाई भाकरी थापता थापता थांबली, पिठाच्या हातांनी तशीच उठली आणि परसातून धावत आली.

प्रभाकरने मशीन बंद करायला हात पुढे केला. मग तो तसाच मागे घेतला, हळूच उठला आणि ओट्यावर जाऊन उभा राहिला.